दाव्यातलं मेहरबानीचं कलम

मी वकील नव्हतो आणि कोर्टातला कारकूनही नव्हतो. हिंगोलीच्या मुनसफ कोर्टाच्या आवारात, चिंचेखाली तरट टाकून आणि पुढ्यात उतरतं डेस्क घेऊन बसणारा अर्जनवीस होतो. लोक मला मुनशीजी म्हणत. निजामाचं राज्य होतं. कोर्टाचं सगळं काम उर्दूत चाले आणि दावे घेऊन येणारी माणसं मात्र मराठीत भांडून आलेली असत. त्यांचं भांडण कोर्टाच्या भाषेत आणि कोर्टाच्या साच्यात बसवून देणं हा माझा धंदा. अठ्ठेचाळीस सालानंतर राज्य बदललं, कोर्टात हळूहळू मराठी आली आणि मलाही नव्यानं शिकावं लागलं. पण साचा तोच राहिला.

हा साचा काय असतो ते आधी सांगतो, कारण कोर्टाची पायरी न चढलेल्यांना वाटतं की दावा लिहिणं म्हणजे आपलं दुःख लिहिणं. तसं नसतं. ज्याला वकील न लावता स्वतःच उभं राहायचं आहे त्यानंही कोर्टाला काही ठरावीक गोष्टी सांगाव्याच लागतात. तुम्ही कोण, बापाचं नाव काय, राहता कुठं. दावा कोणावर. तुमचा हक्क काय आणि तो कसा आला. त्या हक्काला धक्का कधी आणि कसा लागला. आणि शेवटी, कोर्टानं काय करावं असं तुमचं म्हणणं आहे. एकेका कलमात एकेक गोष्ट. पुरावा साक्षीच्या वेळी, शिव्या कधीच नाही. खाली सही किंवा अंगठा, आणि त्यावर लिहायचं की यातलं अमुक मला स्वतःला माहीत आहे आणि अमुक मी ऐकलेलं आहे.

या शेवटच्या ओळीवर फार वेळ जायचा. आमच्याकडच्या माणसाला स्वतः पाहिलेलं आणि ऐकलेलं यात फरक करायची सवय नसते. बांध आजोबानं घातला हे तो डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगतो. तुम्ही तेव्हा होता का, असं विचारलं की रागावतो.

आणि ‘काय मागणं आहे’ हा प्रश्न तर भल्याभल्यांना अडवायचा. कनेरगाव नाक्याकडची एक बाई भावजयीवर दावा लावायला आली होती. सकाळपासून तिनं मला सगळं सांगितलं. मी विचारलं, बाई, कोर्टानं काय करावं? तिनं विचार केला आणि म्हणाली, तिनं माझ्या पाया पडावं. मी सांगितलं की कोर्ट जमीन देतं, घर देतं, वाट मोकळी करून देतं, पाया पडायला लावत नाही. ती म्हणाली, मग इतकी मोठी इमारत कशाला बांधली? ती डबा उघडून माझ्याबरोबर भाकरी खाऊन परत गेली, दावा काही लावला नाही.

अशी माणसं पुष्कळ. पण आज सांगायचं आहे ते करीमचाचा रंगाऱ्याचं.

औंढा नागनाथाच्या वाटेवर आत एक खेडं आहे. तिथं करीमचाचाचं घर. पागोटी, लुगडी, लग्नाचे शेले रंगवणं हा पिढीजात धंदा. एका उन्हाळ्यात तो हातात समन्स आणि दाव्याची नक्कल घेऊन चिंचेखाली आला. उंच, वाळलेला माणूस, आणि दोन्ही हात कोपरापर्यंत जांभळट. गावातले गणपतराव यांनी त्याच्यावर दावा लावला होता. गणपतराव म्हणजे मोठे शेतकरी, वाड्यामागं मळा आणि मळ्यात विहीर. त्या विहिरीचं पाणी करीमचाचानं भरू नये असा मनाई हुकूम त्यांना हवा होता.

मी म्हटलं, वकील लावा. त्यानं मान हलवली. “घरातलं भांडन हाय मुनशीजी. वकिलाच्या तोंडानं काहून बोलायचं? माझं तोंड हाय की.”

प्रतिवादीनं दाव्याला जे लेखी उत्तर द्यायचं त्याला आम्ही जवाबदावा म्हणत असू. त्याचा नियम साधा पण कडक. दाव्यातल्या प्रत्येक कलमाला वेगळं उत्तर द्यायचं: खरं आहे, खोटं आहे, किंवा मला माहीत नाही. ज्या कलमाबद्दल गप्प राहाल ते कबूल केल्यात जमा होतं. ‘हा दावा सगळा खोटा’ असं मोघम लिहून भागत नाही. करीमचाचाला हा नियम फार आवडला. तो म्हणाला, हे तर आमच्या गावच्या शाळेतल्या मुलाणी मास्तरासारखं झालं, एकेका प्रश्नाला एकेक जवाब. माझी तयारी आहे.

मी उर्दूतलं एकेक कलम वाचून मराठीत सांगू लागलो. पहिलं कलम, विहीर गणपतरावांच्या जमिनीत आहे आणि त्यांच्या मालकीची आहे.

“बराबर,” करीमचाचा म्हणाला.

मी म्हटलं, जरा थांबा, सगळंच असं बराबर म्हणत सुटू नका. तो म्हणाला, पण विहीर त्यांचीच आहे, त्यांच्या आजानं खोदली, मग काय म्हणू? मी ‘कबूल’ असं लिहिलं.

तिसरं कलम होतं की प्रतिवादीच्या रंगामुळं विहिरीकाठी घाण होते. त्यावर तो म्हणाला की कपडा तो ओढ्यावर धुतो, विहिरीवर फक्त पाणी भरतो. पण एकदा लाल रंगाचं घमेलं काठावर लवंडलं होतं, तेही लिहा. मी म्हटलं, ते त्यांनी लिहिलेलं नाही, तुम्ही कशाला सांगता? तो म्हणाला, सांडलं तर होतं. पुष्कळ समजावल्यावरही ऐकेना, तेव्हा मी तेही लिहिलं. चौथं कलम, पाणी भरू नको असं सांगूनही तो भरत राहिला. बराबर. अर्जनवीसाच्या आयुष्यात इतका कबुलीजबाब देणारा प्रतिवादी मला दुसरा भेटला नाही.

मग तो म्हणाला, खरं भांडण तर यात लिहिलेलंच नाही. ते कुठलं, असं विचारलं तेव्हा कळलं. गणपतरावांच्या थोरल्या मुलीचं लग्न वैशाखात झालं होतं. बापानं घालायचं किरमिजी पागोटं करीमचाचानं रंगवलं. उन्हात वरात आली, व्याही भेटले, मिठ्या झाल्या, आणि घामानं पागोट्याचा रंग सुटला. गणपतरावांचे कान, मान, सदऱ्याची गळपट्टी, सगळं लाल. व्याह्याच्या पांढऱ्या अंगरख्यावरही लागलं. वऱ्हाडातल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. त्यानंतर पाणी भरू नको एवढा निरोप गड्याकडून आला, गणपतराव स्वतः करीमचाचाशी बोलले नाहीत, आणि पाऊस पडायच्या आत दावा लागला.

“हे जवाबात लिवा,” तो म्हणाला. मी सांगितलं की हे नाही लिहिता येत. कोर्टापुढं विहीर आहे, पागोटं नाही. जे दाव्यात नाही त्याला उत्तर नसतं. त्याला हे काही पटलं नाही.

खरी पंचाईत दुसऱ्या कलमात होती, आणि ते मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. त्यात असं लिहिलं होतं की वादीच्या वडिलांनी मेहरबानी करून प्रतिवादीच्या घराला पाणी भरायची परवानगी दिली, आणि आता वादी ती परवानगी काढून घेत आहे.

हे वडील म्हणजे थोरले आबा. वारून काही वर्षं झाली होती. त्यांचं नाव ऐकताच करीमचाचाचा चेहरा मऊ झाला. तो म्हणाला, लिहा बराबर. त्यांची मेहरबानी होतीच. फार मोठा माणूस.

मी लेखणी खाली ठेवली. इथं मला त्याला कायदा समजावून सांगणं भाग होतं, आणि तो असा. दुसऱ्याच्या विहिरीचं पाणी तुम्ही मालकाच्या परवानगीनं भरत असाल, तर मालकाला वाटेल तेव्हा तो परवानगी काढून घेऊ शकतो. पण तुमच्या घरानं पिढ्यान्‌पिढ्या उघडपणे, कोणाला न विचारता, आपला हक्क समजून पाणी भरलं असेल, तर तो वहिवाटीचा हक्क होतो आणि मालकालाही तो मोडता येत नाही. सगळा दावा या एका शब्दावर उभा होता. मेहरबानी कबूल केली की विहीर गेली.

आणि विहीर गेली की धंदा गेला. गावातल्या बाकीच्या विहिरींचं पाणी खारं. खाऱ्या पाण्यात रंग बसत नाही, डाग पडतात. ओढा उन्हाळ्यात आटतो. त्याच्या घरात धुतलेलं, रंगवलेलं, वाळवलेलं सगळं त्या एका गोड्या पाण्यावर चाललं होतं. हे सगळं त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

तो म्हणाला, “पानी वाचवायला मेलेल्या मानसाचं चांगुलपन खोटं म्हनू?”

मी म्हटलं, चाचा, खोटं म्हणू नका. मला फक्त घडलेलं सांगा. तुम्ही किंवा तुमच्या वडिलांनी आबांना कधी विचारलं होतं का, पाणी भरू का म्हणून? तो म्हणाला, नाही. आजानं? ते मला माहीत नाही, पण विचारल्याचं कोणी सांगितलेलं नाही. आबा कधी म्हणाले होते का, जा, मी तुला परवानगी देतो? तो हसला. म्हणाला, तसं कोण बोलतं? मी जायचो, भरायचो, ते ओसरीवर बसलेले असायचे. दुष्काळात पाणी खाली गेलं तेव्हा माझा दोर पुरेना, तर त्यांनी वाड्यातला लांब दोर काढून दिला. मी विचारलं, मग मेहरबानी कुठली? तो म्हणाला, तीच की. दोर दिला ती.

अशी माणसं समोर बसली की माझ्यासारख्याला आपल्या धंद्याची लाज वाटावी का अभिमान, तेच कळत नाही. त्याच्या मनात आबांचा लोभ आणि कायद्यातली परवानगी एकच होती, आणि त्या दोन गोष्टी वेगळ्या करणं एवढंच माझं काम होतं. दुपारभर आम्ही त्या एका कलमाशी झटत होतो. मी लिहायचो, वाचून दाखवायचो, तो नाही म्हणायचा. शेवटी जे ठरलं ते मराठीत असं: ‘परवानगी मागितली नाही व दिली गेली नाही. प्रतिवादीचं घर पहिल्यापासून उघडपणे पाणी भरत आलं आहे. वादीच्या वडिलांचा प्रतिवादीवर लोभ होता, ती वेगळी गोष्ट असून तिचा या दाव्याशी संबंध नाही.’

शेवटचं वाक्य नियमाप्रमाणे जवाबदाव्यात बसत नव्हतं. संबंध नाही तर लिहायचं कशाला, असं मुनसफापुढं कागद मांडणारा कोणताही पेशकार विचारील. पण ते वाक्य काढलं तर अंगठा देणार नाही असं करीमचाचा म्हणाला, म्हणून ते राहिलं. अंगठा त्यानं दिला, आणि शाईची काही गरज नव्हती असं म्हणून स्वतःच हसला.

पेशीच्या, म्हणजे सुनावणीच्या, दिवशी मी दारात उभा होतो. अर्जनवीसाला कोर्टात बोलता येत नाही. आपण लिहिलेलं कसं चाललं आहे ते दारातूनच ऐकायचं. गणपतरावही वकिलाशिवाय आले होते. भरदार माणूस, मिशा पांढऱ्या व्हायला लागलेल्या, डोक्याला पागोटं नव्हतं, साधी काळी टोपी होती. मुनसफसाहेब हैदराबादेकडचे. मराठी त्यांना पुरती समजे, बोलत मात्र उर्दू, आणि पेशकार ते मराठीत सांगे.

साहेबांनी जवाबदावा वाचला. घमेल्याच्या कलमाशी थांबले, करीमचाचाकडं पाहिलं आणि पुढं वाचू लागले. शेवटच्या वाक्याशी पुन्हा थांबले. मला वाटलं, आता विचारतात हे कोणी लिहिलं. पण त्यांनी काही विचारलं नाही.

गणपतरावांनी शपथ घेऊन दावा सांगितला. मग साहेब करीमचाचाला म्हणाले, तुम्हांला वादीला काही विचारायचं असेल तर विचारा. वकील नसला की हे काम ज्याचं त्यानंच करायचं असतं, आणि लोक तिथं हमखास चुकतात. प्रश्न विचारायच्या ऐवजी भांडायला लागतात. करीमचाचा पुढं झाला, गणपतरावांकडं बघितलं आणि विचारलं, “पोरगी सासरी बरी हाय ना?”

पेशकार हसला. साहेबांनी सांगितलं की हा प्रश्न दाव्यातला नाही. पण गणपतरावांनी तोवर मान हलवून बरी आहे असं सांगून टाकलं होतं.

मग करीमचाचानं दुसरा प्रश्न विचारला. “आबांनी मला पानी भराची परवानगी कवा देली, ते सांगा.”

गणपतरावांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. ‘दिली होती, मी लहान होतो, मी ऐकलं,’ एवढं म्हटलं असतं तरी त्यांचं काम भागत होतं. त्याला खोटं ठरवायला आबा काही उठून येणार नव्हते. पेशकारानं दुसरं कलम पुन्हा वाचून दाखवलं. साहेबांनी विचारलं की हे तुमच्याच दाव्यात लिहिलं आहे, त्याचं काय?

गणपतराव म्हणाले, लिहिणाऱ्यानं विचारलं की हा पाणी कसा भरतो, मी म्हटलं आबांच्या वेळेपासून. त्यानं त्याची परवानगी करून टाकली. मग म्हणाले, “आबा परवानगी देनारे न्हवते, साहेब. एकदा वाड्यावर कुनीतरी इचारलं, पानी भरू का. आबा त्याच्यावरच चिडले. म्हनले, पान्याला कुनी इचारतं व्हय?”

पेशकारानं ते उर्दूत सांगितलं. साहेबांनी ते आधीच समजून घेतलं होतं. त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून घेतलं, आणि गणपतरावांना शांतपणे सांगितलं की तुम्ही जे बोललात त्यानं तुमचा दावा संपला आहे. गणपतराव म्हणाले, ते मला कळतंय. पण वडिलांच्या तोंडी नसलेला शब्द मी घालणार नाही.

साहेबांनी निकाल द्यायच्या आधी दोघांना राजीनामा, म्हणजे आपसातला समझोता, करायची मुभा दिली. तो लिहायला दोघंही माझ्याकडं चिंचेखाली आले. विहिरीचं पाणी पूर्वीप्रमाणे भरावं, रंगाची भांडी काठापासून लांब ठेवावीत, एवढं चटकन ठरलं. मग गणपतराव म्हणाले, आता पागोट्याचं लिहा. मी त्यांनाही तेच सांगितलं जे करीमचाचाला सांगितलं होतं: दाव्यात पागोटं नाही, राजीनाम्यात येणार नाही.

ते वैतागले. माझ्याकडं पाठ करून करीमचाचाला म्हणाले की व्याह्यासमोर माझे कान लाल झाले, अजून सोयरे मला त्यावरून चिडवतात, आणि तू एका शब्दानं काही बोलला नाहीस.

करीमचाचा म्हणाला, “फटकी कमी पडली व्हती. चूक माझीच. तुमचा राग निवला की येनारच व्हतो सांगायला, तर समन्स आलं. मंग माफी मागितली असती तर तुमाला वाटलं असतं, कोर्टाला भ्याला.”

फटकी म्हणजे तुरटी. ती रंग पक्का धरून ठेवते. गणपतराव म्हणाले, “तसंच वाटलं असतं.”

एवढंच. दोघांनी कागदावर सही-अंगठा केला, साहेबांनी त्यावर हुकूम लिहिला. आजही कुठल्या दफ्तरात ती मिसल, म्हणजे त्या दाव्याच्या कागदांची जुडी, असेल तर त्यात विहीर, जमीन, वहिवाट, सगळं सापडेल. ज्याच्यापायी दावा लागला ते पागोटं सापडणार नाही. माझ्या सगळ्या धंद्याचं असंच झालं. लोकांनी मला सांगितलेलं बहुतेक सगळं मी कागदाबाहेर ठेवलं, कारण नियम तसा होता आणि नियम चुकीचा नव्हता. तरी कधीकधी वाटतं, बाहेर ठेवलेलंच जास्त चांगलं होतं. त्या कनेरगावच्या बाईचं भांडण मला अजून पाठ आहे, आणि मी लिहिलेले शेकडो दावे साफ विसरलो आहे.

तरी पुढची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. काम झाल्यावर ऊन उतरायला लागलं होतं. करीमचाचाचं गाव चालत जायचं तर लांब, आणि त्याचं वय झालेलं. मी विचारलं, चाचा, आता परत कसे जाल? औंढ्याकडे जाणारं कोणी बघून देऊ का?

त्यानं आवाराच्या फाटकाकडं बोट केलं. तिथं गणपतरावांची बैलगाडी उभी होती, ते स्वतः बैल जुंपत होते.

“त्याच गाडीत. येतानाबी त्यातच आलो की.”

मी म्हटलं, तुमच्यावर दावा लावणाऱ्याच्या गाडीत बसून तुम्ही पेशीला आलात? तेव्हा गणपतरावांनीच मागं वळून उत्तर दिलं. म्हणाले, हा आला नसता तर मला दावा एकतर्फी मिळाला असता. आणि मग गावात लोक म्हणाले असते की म्हाताऱ्याला चालायला लावून मी जिंकलो.

“वाटंत बोललात का काही?” मी विचारलं.

“एक शब्द न्हाई,” करीमचाचा म्हणाला. गणपतरावांनी हात दिला, तो गाडीत चढला, आणि गाडी फाटकाबाहेर पडायच्या आतच दोघं कशावरून तरी मोठ्यानं बोलायला लागल्याचं मला चिंचेखालपर्यंत ऐकू आलं.